१५ डिसेंबर २००६ : ‘द परस्यूट ऑफ हॅपीनेस’ प्रदर्शित

विल स्मिथची प्रमुख भूमिका असलेला ‘द परस्यूट ऑफ हॅपीनेस’ २००६ साली आजच्या दिवशी अमेरिकेत प्रदर्शित झाला. इटलीचे गॅब्रिएल मुचिनो यांचा हा पहिला हॉलिवूडपट. १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत वैद्यकीय यंत्रे विकणाऱ्या आणि लहानग्याला एकट्याने वाढवत शेअर दलालीच्या पेढीत उमेदवारी करणाऱ्या ख्रिस गार्डनर यांची ही खरी कहाणी आहे.

घर सुटल्यावर बापलेक रेल्वे स्थानकाच्या स्वच्छतागृहात रात्र काढतात. बाहेरून कुणीतरी दार ठोठावतो; बाप पायाने दार दाबून धरतो, मांडीवर झोपलेल्या पोराचे कान झाकतो आणि हुंदका गिळतो. स्मिथच्या अभिनयाची खरी उंची इथे दिसते. मुलाच्या भूमिकेत त्याचाच मुलगा जेडन आहे. त्यामुळे दोघांमधली माया कुठेही रचलेली वाटत नाही.

प्रत्यक्षात गार्डनर यांचा मुलगा तेव्हा जेमतेम चालायला लागलेला होता. चित्रपटात तो पाच वर्षांचा केला. ते बाळ कडेवर घेऊन नोकरीसाठी धडपडणे पडद्यावरच्यापेक्षाही कठीण असणार. या बापलेकांना आसरा देणाऱ्या ग्लाइड चर्चचे धर्मगुरू सेसिल विल्यम्स चित्रपटात स्वतःच्याच भूमिकेत दिसतात.

स्मिथला या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. गार्डनर यांनी १९८७ मध्ये शिकागोत स्वतःची दलाली पेढी सुरू केली होती. चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यात बापलेकांच्या शेजारून क्षणभर चालत जाणारे सुटातले गृहस्थ तेच.