लाक्षागृहापासून अग्निबाणापर्यंत

कोहमाऱ्याला मुंबई-कलकत्ता हमरस्ता आणि गोंदियाचा रस्ता एकमेकांस छेदतात. फाल्गुनात इथली रानं पळसानं लाल होतात. या पळसाच्या कोवळ्या फांदीवर एक इवलासा किडा रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचे कवच करतो. तीच लाख. पळस-बोरीवरची रंगिनी, कुसुमावरची कुसुमी. बांगडी, सोनाराचे भरण, टपालाची मोहोर, सगळीकडे तीच. आपले आजोबा बालगंधर्वांची पदे ज्या काळ्या तबकड्यांवर ऐकत, त्याही लाखेच्याच. लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून केलेल्या.

पण लाखेचा एक दोष दुर्योधनालासुद्धा ठाऊक होता. ती उष्णतेने पाघळते आणि भडकन पेटते. लाक्षागृह त्यासाठीच!

पुढे विजेच्या तारांवर आवरण घालायला लाख लागू लागली. मागणी वाढली, भाव चढला. तेव्हा बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलँड या अमेरिकेतील रसायनज्ञाने पर्याय शोधायला घेतला. १९०७ साली त्याने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र तापवून बेकेलाइट बनविले. हे कसे, ते कुंभाराला विचारा. कच्चे मडके पाण्यात विरघळते, भाजलेले पुन्हा चिखल होत नाही. बेकेलाइटही एकदा घट्ट झाले की वितळत नाही. विजेच्या कामातून लाख हटू लागली. १९४८ नंतर विनाईलच्या तबकड्या आल्या आणि हळूहळू दुसरे गिऱ्हाईकही गेले. कुठल्या प्रयोगशाळेने आपला भाव पाडला, हे रानातून लाख खरवडून आणणाऱ्या बाईला कोण सांगणार?

फिनॉलच्या त्या राळेची मोठी गंमत पुढेच आहे. फार तापली तर ती वितळत नाही, वरून कोळसा होते. तो थर हळूहळू झिजतो आणि उष्णता बरोबर घेऊन जातो. म्हणून कार्बनच्या धाग्यांत ही राळ मुरवून अग्निबाणाच्या नळीला आतून अस्तर लावतात. जानेवारी २००७ मध्ये आपल्या इस्रोने एक कुपी अंतराळात पाठवून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरविली, तिच्या नाकावरही असेच कवच होते. विमानाच्या इंजिनासाठी तर पॉलिइमाइड नावाच्या राळा निघाल्या. १९७० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेली एक जात सुमारे २९० अंश सेल्सिअसला दीर्घकाळ टिकते.

लाख मात्र संपली नाही बरे का. औषधाच्या गोळीवरचा आणि दुकानातल्या सफरचंदावरचा चकचकीत लेप पुष्कळदा तिचाच असतो.