डुक्कर फियाटची जन्मखूण

जालन्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात धूळ खात उभी असलेली फियाट दुरुस्त करायची ठरते, तेव्हा पहिला प्रश्न पडतो : ही गाडी नेमकी कोणती? घरचे तिला सरसकट ‘इटालियन’ म्हणतात. पण तिचा जन्म बहुधा कुर्ल्याचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटशी करार करून तिथे या गाड्या बांधल्या.

तुरिनच्या फियाटने १९५३ साली ११००-१०३ हे मॉडेल आणले. आपल्याकडे आलेल्या त्याच्या गुबगुबीत रूपाला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले. तिची पुढची दारे उलटी उघडत. १९६४च्या सुमारास आलेल्या ‘डिलाइट’ची दारे सरळ झाली. तिचे इटालियन भावंड म्हणजे ११००-डी. त्याचे इंजिन १२२१ सीसीचे, तर कुर्ल्याने १०८९ सीसीच ठेवले. हीच गाडी १९७४पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली.

ही ओळख केवळ हौसेपुरती नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूप टिकवलेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदते. त्यासाठी शुल्क वीस हजार रुपये. म्हणून पत्रा ठोकण्याआधी चॅसी आणि इंजिनाचे क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावेत, दारांच्या बिजागऱ्या तपासाव्यात. पद्मिनीचे सुटे भाग सहज मिळतात म्हणून ते डुक्कर फियाटला बसवत गेलो, तर गाडी चालू होईल, पण तिची जन्मखूण पुसली जाईल.