पऱ्या, टाचण्या आणि होम्सचा बाप

आमच्या गावच्या घरात आजी-आजोबांचा एक फोटो आहे. दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसलेले. तो फोटो खोटा आहे. आजोबा गेल्यावर आजीने स्टुडिओवाल्याला दोन वेगळे फोटो दिले आणि त्याने ते जोडून एक केला. नीट पाहिलं तर आजीच्या खांद्यापाशी जोड दिसतो. मी तो सातवीत असताना शोधून काढला आणि मोठ्या फुशारकीने घरभर सांगितला. आजी काही बोलली नाही. काच पदराने पुसली आणि आत गेली.

परवा फॅमिली ग्रुपवर एका फोटोवरून 'खरा की एआयचा' असं रणकंदन झालं (कोण कोण होतं ते सांगत नाही, वाचताय तुम्ही!) आणि मला कॉटिंग्लीच्या पऱ्या आठवल्या.

कॉटिंग्ली हे इंग्लंडमधलं, ब्रॅडफर्डजवळचं खेडं. साल १९१७. नऊ वर्षांची फ्रान्सिस ओढ्यावर खेळून रोज भिजून यायची आणि बोलणी खायची. ती म्हणाली, मी पऱ्या बघायला जाते. मोठी माणसं हसली. मग तिची सोळा वर्षांची मावसबहीण एल्सी बापाचा कॅमेरा मागून घेऊन गेली आणि फोटो काढून आणला: फ्रान्सिससमोर नाचणाऱ्या चार पऱ्या! एल्सीने काही दिवस फोटोग्राफरकडे काम केलं होतं, चित्रंही छान काढायची. बापाने लगेच ओळखलं, कागद कापलेत पोरींनी. दुसऱ्या फोटोनंतर त्याने कॅमेरा देणंच बंद केलं. खरं तर प्रकरण इथेच संपायला हवं होतं.

पण १९१९ मध्ये एल्सीच्या आईने ते फोटो थिऑसॉफिकल सोसायटीच्या (हो, ॲनी बेझंटबाईंचीच ती) सभेत दाखवले. तिथून ते एडवर्ड गार्डनरकडे आणि पुढे आर्थर कॉनन डॉइलकडे पोचले. साक्षात शेरलॉक होम्सचा बाप! त्याला परलोकविद्येची ओढ आधीपासून होती. त्यात १९१८ मध्ये त्याचा तरुण मुलगा गेला होता.

तपास झाला नाही असं नाही. हॅरोल्ड स्नेलिंग नावाच्या तज्ज्ञाने निगेटिव्ह पाहून सांगितलं, हे एकाच एक्स्पोजरचे, उघड्यावर काढलेले फोटो आहेत. हे अगदी बरोबर होतं! कारण निगेटिव्हमध्ये कुणी काही केलंच नव्हतं. पण कागदाच्या आकृत्याही नाहीत, पऱ्या हलताहेत, हेही तो सांगून बसला. कोडॅकवाले जास्त सावध. त्यांना लबाडीची खूण सापडली नाही, पण खरेपणाचं सर्टिफिकेट द्यायला त्यांनी नकार दिला. मला त्यांचं हे वागणं फार आवडतं. मागचा धबधबा पुसट आलाय आणि नाचणाऱ्या पऱ्यांचे पंख मात्र स्वच्छ, ही गोष्ट डोळ्यांसमोरच होती. गार्डनरने १९२० च्या उन्हाळ्यात मुलींना नवे कॅमेरे दिले. कुणी बघत असलं की पऱ्या येत नाहीत म्हणे! एकांतात आणखी तीन फोटो निघाले.

डिसेंबर १९२० च्या 'स्ट्रँड'मध्ये, म्हणजे होम्सच्या कथा जिथे यायच्या त्याच मासिकात, डॉइलने ते छापले. १९२२ मध्ये पुस्तकही काढलं.

मुलींनी कबुली दिली ती थेट १९८३ मध्ये. 'प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक' या १९१४ च्या पुस्तकातल्या नाचणाऱ्या मुलींवरून एल्सीने चित्रं काढली, पंख जोडले, कापली आणि टोपीच्या लांब टाचण्यांनी उभी केली. आणि त्याच पुस्तकात डॉइलची स्वतःची एक कथा आहे! काचेच्या निगेटिव्हवर भिंग लावून बसलेल्या मंडळींपैकी कुणी हे पुस्तक चाळलं असतं तर...

इतकी वर्षं गप्प का? एल्सी म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसाला फसवलं याची लाज वाटली. फ्रान्सिसचं म्हणणं वेगळं होतं: आम्ही गंमत केली, फसायचं होतं ते त्यांनाच. मात्र पाचवा फोटो खरा आहे हे तिने कधीच सोडलं नाही. एल्सी म्हणायची, पाचही खोटे.

असो. आजीच्या फोटोसाठी दिलेले ते मूळ दोन फोटो आमच्याकडे नाहीत. नातेवाईकांपैकी कुणाच्या ट्रंकेत सापडले तर स्कॅन करून पाठवा. आजी तेव्हा कुठे बसली होती, ते बघायचंय.