स्वस्ताईमागची भाकर

वाटूरसारख्या गावात बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडे देते, घासाघीस ठरलेलीच. इंग्लंडच्या प्रवासात आपली माणसे तीच सवय धर्मादाय दुकानांत नेतात आणि कोट, पुस्तके स्वस्तात शोधतात. या दुकानांना मात्र भुकेचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त ग्रीसमध्ये नाकेबंदीमुळे लोक उपाशी मरू लागले. त्यांच्यासाठी १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये समिती स्थापन झाली. तीच पुढे ऑक्सफॅम म्हणून ओळखली गेली. युद्धानंतर दानाच्या वस्तू इतक्या जमल्या, की त्या विकण्यासाठी तेथील ब्रॉड स्ट्रीटवर दुकान निघाले. १९५१ साली याच संस्थेने दुष्काळग्रस्त बिहारला मदत पाठविली. म्हणून प्रिय वाचकहो, अशा दुकानात किंमत पाडून मागण्यापूर्वी ती कोणाच्या भाकरीतून कमी होते, याचा विचार करावा.