किमया, किमयागार आणि इश्वल

'शब्दांची किमया', 'सुरांची किमया' असं आपण मराठीत सहज म्हणून जातो. किमया हा शब्द अरबी 'अल-किमिया'तून आला. इंग्रजीतला अल्केमी हा शब्दही तिथूनच निघाला. म्हणजे मराठीतली किमया आणि युरोपातली अल्केमी ही एकाच घरातली भावंडं आहेत. 'अक्सीर इलाज'मधला अक्सीर म्हणजे अरबी 'अल-इक्सीर', हलक्या धातूचं सोनं करणारा पदार्थ. औषधाच्या दुकानातला अर्कही अरबी, आणि कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो तो नवसागर म्हणजे फारसीतला नौशादर. दखनच्या बाजारात हे शब्द इतके मुरले, की आज त्यांना कुणी पासपोर्ट विचारत नाही. हेही एका अर्थी बरंच आहे.

ही उजळणी करण्याचं कारण एक जपानी चित्रकथा. तिचं जगभर चाललेलं नाव 'फुलमेटल अल्केमिस्ट'. मराठीत 'पोलादी किमयागार' म्हणता येईल, आणि ते भाषांतर वाटणारही नाही. हिरोमू अराकावा या लेखिकेने ती २००१ ते २०१० अशी सलग नऊ वर्षं एका मासिकात लिहिली आणि काढली. पुस्तकरूपात तिचे २७ खंड झाले. तिच्यावर दोनदा अॅनिमे मालिका निघाली. पहिली २००३ साली, ५१ भागांची. तेव्हा मूळ कथा अर्धीही झाली नव्हती, म्हणून तिने पुढचा रस्ता स्वतःच काढला. दुसरी २००९ साली, ६४ भागांची, मूळ कथेशी इमान राखणारी. अराकावा या बाई आहेत. मूळ नाव हिरोमी. मुलग्यांच्या मासिकात लिहायचं म्हणून पुरुषी वाटेल असं हिरोमू घेतलं.

आमच्या घरातल्या पोरांमुळे मी या मालिकेकडे वळलो. कार्टून आहे, दोन भाग बघून उठू, असा विचार होता. दोन लहान भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणायला जातात. आई येत नाही. थोरल्याचा पाय जातो, धाकट्याचं अख्खं शरीर जातं, आणि धाकट्याचा आत्मा लोखंडी चिलखताला बांधण्यासाठी थोरला आपला हातही देतो. इतकं झाल्यावर उठणं शक्य नव्हतं. पण भाच्याने प्रश्न विचारला तो पुढे, इश्वलचा भाग आल्यावर. ''मामू, हे लोक म्हणजे आपणच ना?''

प्रश्न भाबडा नव्हता. कथेत अॅमेस्ट्रिस नावाचा एक लष्करी देश आहे आणि त्याच्या पूर्वेला रखरखीत मुलखात राहणारे इश्वली आहेत. गव्हाळ-सावळा रंग, एकच देव, त्या देवाच्या निर्मितीत ढवळाढवळ नको म्हणून किमया निषिद्ध. १९०१ साली अॅमेस्ट्रिसचा एक सैनिक इश्वली मुलाला गोळी घालतो. त्यातून उठाव होतो, तो सात वर्षं चालतो, आणि १९०८ साली राष्ट्रप्रमुख एका हुकमावर सही करतो. सरकारी पगारावरचे किमयागार इश्वलमध्ये उतरतात आणि वस्त्याच्या वस्त्या जाळून टाकतात. पहिली अॅनिमे जपानी दूरचित्रवाणीवर चालू होती ते वर्ष २००३-०४ चं. इराकवर हल्ला झालेला होता, आणि २००४ च्या सुरुवातीला जपानने आपलं सैन्य पुनर्बांधणीसाठी म्हणून इराकमध्ये समावा इथे पाठवलं. पडद्यावर वाळू, घुमट आणि पेटलेली गल्ली दिसली की आजच्या मुस्लिम मुलाला काय आठवणार, हे सांगायला नको.

तरीही त्या प्रश्नाला मी 'हो' म्हटलं नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं, आणि दोन वेगवेगळ्या वाटांनी.

पहिली वाट किमयेची. जाबिर इब्न हय्यान हे नाव आपल्याकडे प्रत्येक वॉट्सअॅप गटात फिरतं. 'रसायनशास्त्राचा जनक', खाली दहा शोधांची यादी, त्याखाली माशाअल्लाह. जाबिरच्या नावावरचं ग्रंथभांडार थक्क करणारं आहे यात वाद नाही. आठव्या शतकातला माणूस म्हणून परंपरा त्याला ओळखते. पण हे सगळं एका माणसाने लिहिलं असेल का, यावर विसाव्या शतकात पॉल क्राउस या अभ्यासकाने कैरोत बसून फार बारीक काम केलं आणि हे अनेक हातांचं, पुढच्या काळातलं लेखन आहे असा निष्कर्ष काढला. वाद अजून मिटलेला नाही. तेजाबाचा शोध जाबिरचा म्हणतात, त्याचाही आधार कच्चा आहे. तो ज्या लॅटिन ग्रंथांवरून सांगितला जातो ते 'गेबर' या नावाने तेराव्या शतकाच्या सुमारास युरोपात लिहिले गेले आणि त्यांचं अरबी मूळ मिळत नाही. आपल्या बुजुर्गांचा मोठेपणा सिद्ध करायला खोटी पावती लागत नाही. राझीने 'किताबुल-असरार'मध्ये भट्ट्या, मुशी, ऊर्ध्वपातनाची भांडी आणि पदार्थांची वर्गवारी ज्या शिस्तीने मांडली आहे, तेवढं एक पुस्तकही पुरेसं आहे.

जाबिरच्या ग्रंथांत एक कल्पना आहे, 'मीझान', म्हणजे तराजू. प्रत्येक वस्तूत उष्ण, थंड, कोरडं, ओलं यांचं ठरावीक प्रमाण असतं. ते मोजता आलं तर वस्तू बदलताही येते. दुसरी कल्पना 'तकवीन', म्हणजे माणसाने कृत्रिम रीतीने जीव घडवणं. आता अराकावांची कथा बघा. तिचा पहिला नियम, काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं द्यावं लागतं. आणि तिचे खलनायक म्हणजे होमुन्कुलस, काचेच्या कुपीत जन्मलेल्या जिवाची पिल्लावळ. देवाणघेवाणीचा नियम आपल्याला शेतकरी आईवडिलांच्या कष्टांतून सुचला, असं लेखिकेने सांगितलं आहे, त्यामुळे तो जाबिरकडून आला असं मी म्हणणार नाही. पण होमुन्कुलस पॅरासेल्सस या सोळाव्या शतकातल्या वैद्याच्या नावावर प्रसिद्ध आहे, आणि त्याच्यामागे तकवीनची सावली आहे असं मानायला जागा आहे.

या पॅरासेल्ससचं खरं नाव थेओफ्रास्टस फॉन होहेनहाइम. कथेतल्या दोन भावांच्या बापाचं नावही होहेनहाइमच. फरक इतकाच, की कथेतला होहेनहाइम युरोपी दिसणाऱ्या अॅमेस्ट्रिसचा नाही. तो झर्क्सिस या पूर्वेकडच्या प्राचीन राज्यातला गुलाम आहे. त्याला नावही नव्हतं, तेवीस हा आकडा होता. ते राज्य एका रात्रीत नष्ट होतं, आणि त्यानंतर अॅमेस्ट्रिसला किमया शिकवणारा म्हणून दंतकथेत उरतो तो पूर्वेकडून आलेला एक ज्ञानी माणूस. इतिहासात अॅमेस्ट्रिसच्या जागी लॅटिन युरोप आहे. ११४४ साली चेस्टरच्या रॉबर्टने किमयेवरचा अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणला. उमय्या राजपुत्र खालिद इब्न यझीद आणि मोरिएनस नावाचा ख्रिस्ती संन्यासी यांचा तो संवाद. ही विद्या आपल्या लोकांना अजून माहीत नाही, असंच रॉबर्ट समजत होता. आणि पुढे, १५२७ साली बासेलमध्ये पॅरासेल्ससने इब्न सिनाचा 'कानून' होळीच्या आगीत टाकला असं सांगतात. शिकून झाल्यावर उस्तादाचं पुस्तक जाळणारे शागिर्द सगळीकडेच असतात.

गंमत म्हणजे ज्या इब्न सिनाचं पुस्तक जळलं, तो स्वतः किमयेचा विरोधक होता. धातूचा रंग बदलता येईल, जात बदलता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. किंदी विरोधात, राझी बाजूने, पुढे इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'त एक प्रकरणच किमयेच्या खंडनाला दिलं. म्हणजे एका देवाला मानणाऱ्या समाजाने किमया हराम म्हणून दार लावून घेतलं, हे आपल्या इतिहासाचं चित्र नाही. दार उघडं होतं आणि आत कडाक्याचं भांडण चालू होतं. इश्वली लोकांत याच्याशी जुळणारा एकच माणूस आहे, स्कारचा थोरला भाऊ. धर्माची बंदी असताना तो किमया शिकतो, अॅमेस्ट्रिसची आणि त्याहून पूर्वेकडच्या झिंगचीही, दोन्ही एकमेकांशी ताडून पाहतो. त्याच्या वहीतूनच पुढे देश वाचतो. त्याचं नाव मात्र आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणून 'आपण' शोधायचेच असतील तर ते झर्क्सिसमध्ये सापडतील, त्या वहीत सापडतील. इश्वलच्या राखेतले लोक कुणाचे, हे बघायला दुसरी वाट धरावी लागते. ती जपानच्या उत्तरेला, होक्काइदोला जाते.

अराकावांचा जन्म होक्काइदोतल्या तोकाची भागात, गाईगुरं राखणाऱ्या शेतकरी घरात. या बेटावर पूर्वापार ऐनू राहत होते. सॅमन मासे, हरणं, अस्वलं आणि नद्यांवर जगणारे लोक, वेगळ्या भाषेचे. १६६९ साली शाकुशाइन या त्यांच्या सरदाराने उठाव केला, तेव्हा मात्सुमाए घराण्याने त्याला तहाला बोलावून मारलं. कथेत इश्वलचा प्रमुख धर्मगुरू लोग लो आपला जीव घ्या आणि उरलेल्यांना सोडा म्हणून राष्ट्रप्रमुखासमोर येतो, आणि त्याला उत्तर मिळतं की तुझ्या एका जिवाचं मोल एकाच जिवाइतकं. तो प्रसंग पाहताना मला शाकुशाइन आठवला. लेखिकेच्या मनात तोच होता असा माझा दावा नाही.

१८६९ साली मेइजी सरकारने बेटाचं एझो हे नाव बदलून होक्काइदो केलं आणि वसाहतीसाठी खातं उघडलं. दोन वर्षांत ऐनू बायकांच्या गोंदण्यावर बंदी आली. विषारी बाणांनी शिकार करणं बंद, मग नदीतला सॅमन पकडणंही बंद. जंगलं आणि नदीकाठ सरकारजमा झाले आणि मुख्य भूमीवरून आलेल्यांना वाटले गेले. त्यांत सैनिक-शेतकरीही होते, एका हातात नांगर, दुसऱ्यात बंदूक. १८९९ साली कायदा आला, नाव 'संरक्षणा'चं. मासेमारी करणाऱ्या कुटुंबाला शेतीसाठी कमाल पाच हेक्टर जमीन, आणि पंधरा वर्षांत ती कसली नाही तर परत घेणार. हा कायदा १९९७ पर्यंत पुस्तकात होता.

इथे इश्वलसारखी आग लागली नव्हती. हुकूम, सातबारा, शाळा आणि साथीचे रोग यांनीच काम झालं. हा फरक विसरू नये. पण इश्वलबद्दल बोलताना अराकावांनी ऐनूंचा उल्लेख केला आहे, आणि आपले पूर्वज ऐनूंची जमीन घेणाऱ्या वसाहतवाल्यांपैकी होते हेही सांगितलं आहे. कथेची तयारी म्हणून त्या निर्वासितांशी आणि युद्धात लढलेल्या म्हाताऱ्या सैनिकांशी बोलल्या होत्या. मला या कथेतलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. इश्वलचं प्रकरण त्यांनी जळणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेलं नाही. ते जाळणाऱ्यांच्या तोंडून येतं. मस्टँग, हॉकआय, आर्मस्ट्राँग ही वाचकाला आवडू लागलेली माणसं, आणि पंधराव्या खंडात कळतं की यांनीच लहान मुलं मारली आहेत. 'वरून हुकूम होता' ही सबब कुणी पुढे केली, की दुसरं पात्र ती खोडून काढतं. इश्वली कैद्यांना वितळवून परीस बनवणारा डॉक्टर मार्को नंतर खेड्यात रोगी तपासत लपून राहतो. हार्बिनजवळच्या युनिट ७३१ मध्ये जिवंत माणसांवर प्रयोग करणाऱ्या जपानी डॉक्टरांना युद्धानंतर अमेरिकेने माहितीच्या बदल्यात अभय दिलं. हा इतिहास ज्या देशाच्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं भांडणाचा विषय राहिला, तिथे शाळकरी मुलांच्या मासिकात हे छापून येत होतं.

आणि स्कार. इश्वलमधून वाचलेला, सरकारी किमयागारांना शोधून शोधून मारणारा. भाच्याचा तो लाडका. त्याची चीड खरी आहे, पण अराकावा त्याला सूट देत नाहीत. शुद्धीवर येताच त्याने पहिले मारले ते दोन अॅमेस्ट्रिसचे डॉक्टर, ज्यांनी इश्वली जखमींसाठी दवाखाना सोडला नव्हता. त्यांची मुलगी समोर पिस्तूल घेऊन उभी राहते, तेव्हा तो तिला सांगतो की तुला माझा न्याय करण्याचा हक्क आहे. ती गोळी झाडत नाही. माफही करत नाही. फार पुढे, त्याच्या जखमेवर पट्टी बांधतानाही ती बजावते की ही माफी नव्हे. आमच्या बैठकांत बदला आणि माफी यांच्यावर जे बोललं जातं, त्यात या मुलीइतकं नेमकं मी फारसं ऐकलेलं नाही.

भाच्याला मी एवढंच म्हणालो, की ''आपण'' हा शब्द जरा जपून वापर. जळणारे पाहून लगेच आपले म्हणायचे, मग जाळणारे आपल्यापैकी कधी होते का, हे कोण तपासणार? अराकावांनी आपल्या आजोबा-पणजोबांची जमीन तपासली. त्याला ते फार पटलं नाही. सतरा वर्षांचा आहे, पटायची घाई नाही.

कथेच्या शेवटी इश्वली आपल्या मुलखात परततात आणि पुनर्बांधणीचं काम स्कार आणि इश्वली रक्ताचा लष्करी अधिकारी माइल्स मिळून हाती घेतात. २००८ साली जपानच्या संसदेने ऐनूंना मूलनिवासी मानणारा ठराव केला. २०१९ साली तसा कायदाही झाला, पण त्यात जमिनीचा किंवा मासेमारीचा हक्क नाही. अराकावांच्याच तोकाची भागात, उराहोरो इथल्या ऐनूंच्या एका संघटनेने २०२० साली नदीत सॅमन धरण्याचा वंशपरंपरेचा हक्क मागत सरकारविरुद्ध दावा लावला. एप्रिल २०२४ मध्ये सापोरोच्या न्यायालयाने तो फेटाळला.