डुमनाचे जंगल कोणी राखले?

रविवारी डबे भरून, मुलाबाळांसह डुमनाला गेला नाही असा जबलपूरचा मराठी माणूस विरळाच. कांचघरहून निघाले की दुचाकीवर अर्ध्या तासात खंदारी जलाशयाचा काठ येतो. चितळांचे कळप, रानडुकरे, मोर आणि नशीब असेल तर एखादा कोल्हा पाहून मंडळी ताजीतवानी होऊन परततात. पण एवढ्या मोठ्या शहराला लागून 1058 हेक्टरांचा हा परिसर शिल्लक राहिला कसा, हे सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर शोधायला आपल्या रेल्वेच्या इतिहासापासून सुरुवात करावी लागते.

अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वेची शाखा 1867 मध्ये जबलपूरला पोहोचली. मुंबईकडून निघालेली जी.आय.पी. रेल्वे तिला मार्च 1870 मध्ये येथे येऊन मिळाली आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग पूर्ण झाला. आम्हा रेल्वेवाल्यांना याचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण त्या काळी स्लीपर लाकडाचे असत. मैलाला दीड ते पावणेदोन हजार स्लीपर लागत आणि काही वर्षांनी कुजले की पुन्हा नवे घालावे लागत. नर्मदा खोऱ्याच्या आसपासच्या साल वनांवर त्यासाठी कुऱ्हाड चालली. मध्य प्रांतातील वनांची पाहणी केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या बेसुमार तोडीबद्दल नाराजी नोंदवली आहे. आज मुख्य मार्गावर किलोमीटरला 1660 स्लीपर बसतात, पण ते काँक्रीटचे. त्यामुळे रुळाखालचे झाड आता कोणाला आठवत नाही.

म्हणजे रेल्वेने जंगल नेले. मात्र त्याच रेल्वेमुळे जबलपूर वाढले आणि वाढत्या शहराला पाणी हवे झाले. गोंड राजवटीपासून हे शहर तलावांचे म्हणून ओळखले जाई, तरीही नळाच्या पाण्यासाठी वेगळी सोय करावी लागली. 1883 मध्ये खंदारीचे धरण बांधले गेले, आणि डुमनाचे रान या धरणाचे पाणलोट क्षेत्र झाले.

पाणलोट म्हणजे काय ते आमच्या खात्यात नव्या माणसालाही पहिल्याच पावसाळ्यात कळते. कटिंगच्या उतारावरचे गवत गेले की मोठ्या सरीबरोबर माती थेट रुळावर येते. धरणाचेही तसेच आहे. वरची झाडे गेली की माती वाहते, तळाशी गाळ साचतो आणि भिंत शाबूत असूनही धरणात पाणी मावेनासे होते. झाडे असली तर पानांचा थर पाऊस अडवतो, जमीन तो मुरवते आणि ओढा पावसाळ्यानंतरही काही काळ वाहत राहतो. म्हणून डुमनाला केवळ सहलीची जागा मानून चालणार नाही. ते जलाशयाचेच एक अंग आहे. या उद्यानाचा कारभार नगर निगमाकडे आहे यातही हाच धागा दिसतो: पाणी शहराचे, म्हणून रानही शहराचे.

पुढे परियटचे धरण झाले, नर्मदेवरच्या योजना आल्या आणि शहराची मुख्य भिस्त नर्मदेवर गेली. खरा धोका येथेच आहे. पाण्यासाठी राखलेले रान पाण्याची निकड कमी झाली की रिकामी जागा वाटू लागते. विमानतळाच्या रस्त्याला वस्ती आणि संस्था वाढल्या, विमानतळाचे नवे टर्मिनल 2024 मध्ये सुरू झाले. डुमनाच्या हद्दीत बांधकामे करण्याचे बेतही आले आणि त्याविरुद्ध नागरिकांना उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. रस्ते, विमानतळ, शिक्षणसंस्था या सगळ्यांची गरज आहेच. बांधकामावर पोट असलेला माझ्यासारखा माणूस त्यांना नाही म्हणणार नाही. पण इमारतीला दुसरी जागा मिळते. पाणलोट क्षेत्र उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

आपण नोकरीनिमित्त येथे आलो आणि येथलेच झालो. पुढच्या सहलीला मुलांना चितळ जरूर दाखवा, त्यांना चिवडा-बिस्किटे मात्र घालू देऊ नका. जलाशयात मगरी आहेत, तेव्हा पाण्यात उतरू नका. आणि धरणाच्या भिंतीकडे बोट दाखवून त्यांना एवढे आवर्जून सांगा की हे जंगल आपोआप उरलेले नाही, शहराच्या तहानेने ते राखले आहे.