आंबील ओढ्याचा काठ

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबील ओढा पात्र सोडून वस्तीत शिरला. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं दगावली, ओढ्याकाठच्या सोसायट्यांच्या सीमाभिंती आडव्या झाल्या, गाड्या वाहून गेल्या. पाऊस प्रचंड होता, हे खरंच. पण काठ त्या रात्रीच कमकुवत झाला नव्हता.

नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी नळाने शहरात आणलं. त्याच काळात, गावातून वाहत मुठेला मिळणारा आंबील ओढा पर्वतीकडून वळवला गेला आणि जुन्या पात्राच्या जागी वस्ती वाढली. शहरासाठी ओढ्याने बाजूला सरायचं, ही रीत इतकी जुनी आहे. तरी तेव्हा कात्रजपासून पर्वतीपर्यंत शेतं, माळ आणि उघडे डोंगर होते. पाऊस आधी जमिनीत मुरे, उरलेला सावकाश ओढ्याला येई. पूर आला तरी त्याला पसरायला रान होतं आणि काठाची माती झाडांच्या मुळांनी धरलेली होती.

पुढे धनकवडी, सहकारनगर, कात्रज भरत गेलं. आता गच्चीवरचा पाऊस पन्हळीतून गटारात आणि गटारातून ओढ्यात जातो, तोही थोड्या वेळात, एकदम. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या नद्या अभ्यासणाऱ्या गॉर्डन वोलमन यांनी 1967 साली या बदलाचा क्रम मांडला होता. बांधकामं चालू असताना उघडी माती धुपून पात्रात गाळ साचतो. इमारती, रस्ते पुरे झाले की गाळ येणं थांबतं, वाढलेलं पाणी मात्र येतच राहतं. वाहून न्यायला गाळ उरला नाही की ते तळ आणि काठ खरवडू लागतं. आपल्याकडे तर तळाशी बऱ्याचदा काळा पाषाण लागतो. खाली जायची वाट बंद झाली की पाणी बाजूच्या मुरुमात घुसतं.

काठ ढासळला की भिंत बांधायची, हा आपला ठरलेला उपाय. भिंतींमुळे पात्र आक्रसतं, वेग वाढतो, पायाखालची माती सुटते. भिंतीत निचऱ्याची भोकं नसली किंवा ती बुजली, तर मागे तुंबलेलं पाणी तिला ओढ्यात ढकलतं. आणि भिंत जिथे संपते तिथला उघडा काठ आधी कापला जातो.

जून 2021 मध्ये दांडेकर पुलाजवळ ओढा सरळ करण्यासाठी घरं पाडली गेली. सरळ पात्रात तेवढीच उंची कमी लांबीत उतरायची असते, त्यामुळे पाणी आणखी जोराने धावतं. म्हणून मला कळकळीने वाटतं, की खर्च आधी कात्रजच्या डोंगरउतारांवर आणि वरच्या अंगाच्या उरल्यासुरल्या मोकळ्या जागांवर व्हावा. तिथे चर खणता येतात, पाणी मुरवता येतं आणि त्यासाठी कुणाचं घर पाडावं लागत नाही.